गाडी लीन होते तेव्हा

'लीन' हा मराठीतला मोठा सज्जन शब्द आहे. वारकरी विठ्ठलाच्या पायी लीन होतो, शिष्य गुरूच्या चरणी लीन होतो आणि बदलीचा अर्ज खिशात असलेला कारकून वरच्या साहेबापुढे लीन होतो. तिन्ही प्रकारांत लीन होणाऱ्याचे थोडेफार भलेच होते. त्यामुळे मेकॅनिक बॉनेटखालून डोके बाहेर काढून "साहेब, गाडी लीन झालीय" असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला पहिल्यांदा गाडीविषयी आदर वाटतो. आपल्या घरात निदान एकजण तरी अध्यात्माला लागले, याचे बरे वाटते. बिल हातात आले की तो आदर ओसरतो.

गॅरेजातला लीन हा इंग्रजांचा. त्याचा अर्थ रोडका, अंगावर मांस नसलेला. इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जाऊ लागले की मिश्रण रोडके होते. उलट पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की गाडी 'रिच' होते, म्हणजे चक्क श्रीमंत. श्रीमंत गाडी काळा धूर सोडते, भरमसाट पिते आणि तरीही आळसावल्यासारखी चालते. इंजिनांच्या जगातही श्रीमंतांची लक्षणे फारशी वेगळी नाहीत.

मी कॉमर्सचा पदवीधर. इंजिनाशी माझे नाते पुढच्या सीटवर बसण्यापुरते. पण हा सगळा प्रकार मुळात जमाखर्चाचा आहे, हे एकदा ध्यानात आले आणि त्यात मला गोडी वाटू लागली. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. हवेचे वजन करण्याची आपल्याला सवय नाही, म्हणून लिटरमध्ये सांगतो. पंपावर आपण एक लिटर पेट्रोल घेतो, तेव्हा ते जाळण्यासाठी गाडी वाटेत सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढून घेते. पेट्रोलचे पैसे पडतात, हवा अजून फुकट आहे. अर्थमंत्र्यांच्या हे लक्षात आलेले दिसत नाही. आपणही आणून देऊ नये.

हा ताळेबंद जुळवायचा कसा, यावर माणसाने शंभर वर्षे डोके खाजवले आहे. कार्ल बेंझने १८८६ साली आपली तीनचाकी गाडी काढली, तेव्हा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्याबरोबर जेवढी वाफ येईल तेवढी घ्यायची, असा कारभार होता. म्हणजे ताटावरून पंखा फिरवायचा आणि वासावर पोट भरायचे. पुढे जर्मनीत विल्हेल्म मायबाखने बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवण्याची युक्ती काढली. त्याच सुमारास, १८९३ साली, हंगेरीतल्या डोनाट बांकी आणि यानोश चोंका या जोडीनेही तसल्याच फवाऱ्याचे पेटंट घेतले. त्यांना ही कल्पना रस्त्यावर फुलांवर पाणी फुंकरणाऱ्या फुलवालीकडे पाहून सुचली, असे सांगतात. गोष्ट खरी असो नसो, छान आहे. आपल्याकडेही फुलवाल्या काही कमी नव्हत्या. पण त्यांच्याकडे पाहणाऱ्या तरुणांना कार्बोरेटर सोडून सगळे सुचले.

कार्बोरेटर आला आणि त्याच्याबरोबर जेट, फ्लोट, चोक, स्क्रू ही मंडळी आली. आमच्या भागापर्यंत ती पोहोचायला वेळ लागला. आज ज्याला आपण चंद्रपूर आणि गडचिरोली म्हणतो तो तेव्हा एकच चांदा जिल्हा होता, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मोडणारा. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. सागवान, बांबू, मोह आणि तेंदू यांच्या या मुलखात रस्ता हा उन्हाळ्यातला पाहुणा. पावसाळ्यात वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि त्यांच्या लेकीबाळी त्याला घरी पाठवून देत.

तशात दुसरे महायुद्ध आले. १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि माघार घेताना इंग्रजांनी तिथल्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. रंगूनकडचे तेल बंद झाले, आणि देशभरच्या मोटारी कोळशावर आल्या.

कोळशावरची बस आता कोणी पाहिलेली नाही, म्हणून तिची थोडी चौकशी करू. बसच्या मागे वा बाजूला हातपंपाच्या दुप्पट उंचीचे लोखंडी पिंप. त्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि क्लीनरने दहा-पंधरा मिनिटे हाताने पंखा फिरवायचा. या सगळ्यात जो माणूस सर्वांत काळा होई त्याला क्लीनर का म्हणत, हे कोडे सुटलेले नाही. निखाऱ्यांतून ओढलेल्या अपुऱ्या हवेचा कार्बन मोनॉक्साइड तयार होई, हाच इंजिनाचा घास. तो नळ्यांतून थंड करायचा, गाळायचा आणि मग नळीच्या तोंडाशी काडी लावून पाहायची. ज्योत निळी आणि स्थिर पेटली की बस तयार. म्हणजे आधी चूल, मग पंक्ती, मग प्रवास.

या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक नायट्रोजन असे, जो जळत नाही, नुसता बसतो. आमच्या कचेरीत अशांना काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. परिणाम असा, की पेट्रोलवर जेवढी ताकद मिळे त्यातली तिसरा हिस्सा ते निम्मी गळून जाई. चढ आला की उतारू खाली उतरत, आणि उतारू या शब्दाचा अर्थ त्यांना तिथे कळे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, म्हणून बंद शेडमध्ये भट्टी पेटवणारे डोके दुखून आडवे होत, काही उठतही नसत. ही गाडी गमतीची नव्हती.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत पुढेच आहे. पेट्रोलला वजनाने पंधरापट हवा लागते. कोळशाच्या या अशक्त गॅसला जवळजवळ त्याच्याएवढीच हवा पुरे. कोळसा ओला निघाला, भट्टी निवली, राख साचली की गॅस बदले आणि हवेचे प्रमाणही बदलावे लागे. ते बदलायला ड्रायव्हरच्या हाताशी एक दांडी असे. डाव्या कानाने इंजिन ऐकायचे, उजव्या कानाने कंडक्टर, आणि हाताने हवा कमीजास्त करीत राहायची. हवा जास्त झाली की इंजिन खोकू लागे, दांडी मागे. हवा कमी झाली की गुदमरे, दांडी पुढे. त्या काळात प्रवास केलेले आमचे आजोबा म्हणत, "चांगला ड्रायव्हर हार्मोनियम वाजवल्यासारखी गाडी चालवी." युद्ध संपताना एकट्या जर्मनीत अशा लाकडा-कोळशाच्या सुमारे पाच लाख गाड्या होत्या. म्हणजे त्या काळात जगभर लाखो माणसे रोज, तासन्‌तास, कानाने मिश्रण तपासत होती. आज एवढ्या कानांची एकत्र बेरीज कुठे होणार नाही.

युद्ध संपले, पेट्रोल परत आले आणि पिंपे भंगारात गेली. त्यांच्या जागी जीप आली. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, आणि जंगलखात्यापासून निवडणूकखात्यापर्यंत जंगलात जाणारे प्रत्येक सरकार जीपमधून जाऊ लागले. चार सिलिंडर, साठ अश्वशक्ती आणि एक साधा कार्बोरेटर. ही यंत्रणा बिघडे पुष्कळ, पण बिघडलेली कळेही पुष्कळ. तिच्याभोवती आमच्याकडे मिस्त्रींची एक पिढी तयार झाली. त्यांनी कुठल्या आयटीआयचे तोंड पाहिले नव्हते, पण गाडी लीन आहे की नाही हे ते वैद्याने नाडी पाहावी तसे सांगत.

त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. गाडी कार्बोरेटरातून फट्‌कन शिंकली की पहिला संशय. मिश्रण रोडके असले की ते सावकाश जळते, इतके सावकाश की पुढचा घास घ्यायला झडप उघडते तेव्हाही आत आग शिल्लक असते. ती उलटी बाहेर येते, तीच शिंक. मग चोक ओढायचा. चोक म्हणजे हवेचा गळा दाबणे. गळा दाबल्यावर जर गाडीला बरे वाटले, तर ती लीन आहे हे नक्की. माणसांत असे उदाहरण मला एकच माहीत आहे, आणि तेही ऑडिटच्या दिवसांतले.

नंतर प्लग काढून त्याचे तोंड पाहायचे. काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे रिच. भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे प्रकृती उत्तम. खडूसारखा पांढरा पडलेला म्हणजे लीन, आणि तो तसाच चालवला तर उष्णतेने झडपा जळणार. जंगलात झडप जळणे म्हणजे रात्र तिथेच. आणि आमच्या जंगलात रात्र काढणाऱ्याची चौकशी करायला ताडोबाचे रहिवासी स्वतः येतात.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र यानंतरचा. लीन आहे हे कळले, पण ती हवा जास्त खाते आहे, की पेट्रोल कमी मिळते आहे? दोहोंचे फळ एक, कारणे दोन. बँकेच्या भाषेत, खाते रिकामे आहे. पण पैसे जास्त काढले म्हणून, की पगार जमाच झाला नाही म्हणून? जुन्या मिस्त्रींचे उत्तर असे: गाडी उभ्याने थरथरते आणि रेस दिली की सुधारते, तर कुठेतरी गास्केट फाटले आहे, नळीला भेग आहे, चोरून हवा आत जाते आहे. उभी असताना इंजिन थोडीच हवा घेते, त्यात चोरीची हवा डोळ्यात भरते. रेस दिली की तेवढ्या गर्दीत ती चोरी खपून जाते. उलट गाडी उभ्याने गुणी बाळासारखी चालते आणि चढावर, ओझ्याखाली मान टाकते, तर पेट्रोल अडते आहे. फिल्टर, पंप, नळी, टाकी, याच क्रमाने उलटे चालत जायचे. चोरीची हवा शोधायला सांध्यांवर साबणाचे पाणी सोडायचे. जिथे पाणी आत ओढले जाते आणि इंजिनाचा आवाज बदलतो, तिथे चोर. काही धाडसी मिस्त्री पाण्याऐवजी पेट्रोल शिंपडत. त्यांच्या भुवयांवरून ते ओळखू येत.

या नियमाची कसोटी मी एकदा जवळून पाहिली आहे. २००७ सालचा मे महिना. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात. पहाटे तीनला उठून जंगलात गेलेल्या बायाबापड्या पाने तोडून, पुडे बांधून फळीवर आणतात आणि त्या मजुरीवर घरचे बियाणे, औषध, पोरांची वह्यापुस्तके अवलंबून असतात. आमच्या एका आतल्या शाखेत मजुरी वाटायला रोकड कमी पडली. चंद्रपूरहून नऊ लाख घेऊन हेड कॅशियर, दुनळी बंदूकवाला गार्ड आणि मी असे भाड्याच्या एका जुन्या पेट्रोल व्हॅनमधून निघालो. शुक्रवार होता. त्या दिवशी पैसे पोहोचले नाहीत तर मजुरी चार दिवसांनी. बाहेर ४७ अंश. व्हॅनचे इंजिन सीटखाली असल्याने आत किती अंश, याची नोंद हवामानखाते ठेवत नाही.

बल्लारपूरला टाकी गच्च भरली. गोंडपिपरी गेली, आष्टीचा वैनगंगेवरचा पूल गेला, आणि साग दाट झाला तशी गाडी शिंकू लागली. चोक ओढला की चार पावले चाले, मग बंद. ड्रायव्हरचे निदान तयार होते: उन्हाने पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही. आमच्याकडे हा नेहमीचा आजार, आणि त्याचा उतारही ठरलेला. त्याने गमछा भिजवून पंपावर घातला, दहा मिनिटे थांबलो, गाडी सुरू. पाच किलोमीटरवर पुन्हा बंद. पुन्हा गमछा, पुन्हा पाच किलोमीटर. कॅशियरसाहेबांचे मत पेट्रोलमध्ये रॉकेल आहे असे पडले. गार्डला मत नव्हते. त्याला फक्त आपण नऊ लाखांसह जंगलात उभे आहोत एवढे दिसत होते आणि तो प्रत्येक पळसाकडे संशयाने पाहत होता.

तिसऱ्या गमछ्यानंतर एका गावाच्या तोंडाशी सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचे खोपटे लागले. म्हातारे मिस्त्री बाजेवर पडले होते. ते उठले नाहीत, पडल्या पडल्या विचारते झाले.

"उभ्यानं बरी चालते का जी?"

"चालते."

"चढावर मरते?"

"मरते."

"अन् थांबल्यावर पुन्हा तेवढीच चालते? दरवेळी?"

"बरोब्बर पाच किलोमीटर," ड्रायव्हर म्हणाला. "गरमी आहे ना बाबा, पंप तापतो."

"गरमी मोजून नाही येत गा," म्हातारबा उठत म्हणाले. "मोजून येते ते काही दुसरंच असते. टाकी कधी भरली?"

"बल्लारशाले. फुल."

ते सरळ टाकीकडे गेले आणि झाकण फिरवले. फुस्स असा लांब आवाज आला, जणू टाकीने सकाळपासून रोखून धरलेला श्वास घेतला. मग ते गुडघ्यांवर टेकले, गाडीखाली वाकले आणि टाकीच्या हवेच्या नळीचे टोक त्यांनी तारेने कोरले. मातीची एक सुबक गोळी तळहातावर पडली. कुंभारीण माशीने तिथे घर बांधले होते.

"टाकीले हवा भेटत नाही जी. पेट्रोल खाली जाते, त्याची जागा घ्यायले हवा पाह्यजे. ते नाही भेटली तर टाकी पेट्रोल सोडत नाही. तुम्ही थांबता, हवा कुठून तरी झिरपते, गाडी चालते. गमछा उगीच मिरवते."

मी मनातल्या मनात खतावणी मांडली. टाकीत हवा कमी, म्हणून इंजिनात पेट्रोल कमी, म्हणून इंजिनात हवा जास्त. टाकी गच्च भरलेली, म्हणून आत मोकळी जागा थोडी आणि ती लौकर आवळली जायची. सगळ्या नोंदी जुळल्या. गमछ्याला मिळत होते ते श्रेय नुसत्या थांबण्याचे होते. सरकारी कामात हे पुष्कळदा होते. आम्ही चारच्या आत शाखेत पोहोचलो. कडुलिंबाखाली शंभरेक माणसे बसली होती. कोणी काही बोलले नाही, फक्त उठून रांग झाली. साडेसातला शेवटचा अंगठा उमटला.

मिस्त्रींनी पंधरा रुपये घेतले होते. कॅशियरसाहेबांनी नियमाप्रमाणे व्हाउचर केले: 'माशीचे घर काढणे, रु. १५ फक्त.' त्यावर ऑडिटरची शंका आली, खुलासा गेला, खुलाशावर शंका आली. हा पत्रव्यवहार सव्वा वर्ष चालला आणि त्याच्या टपालालाच पंधराहून जास्त रुपये लागले.

आता हे सारे इतिहासजमा होत आले. बॉश कंपनीने १९७६ साली सायलेन्सरच्या वाटेवर बसणारा ऑक्सिजन सेन्सर बाजारात आणला आणि व्होल्वोने तो पहिल्यांदा गाडीत घातला. धुरात ऑक्सिजन उरला आहे का हे तो हुंगतो. उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, म्हणजे गाडी लीन. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारे कन्व्हर्टर सक्तीचे झाले, २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले आणि कार्बोरेटर हळूहळू निवृत्त झाला. आता कॉम्प्युटर धुराकडे बघून सेकंदाला कितीदा तरी पेट्रोल कमीजास्त करतो. कोळशाच्या बसवाल्याची दांडी त्याच्याकडे गेली.

त्याची कार्यपद्धती मात्र मला ओळखीची वाटते. कुठे हवा चोरून येऊ लागली तर तो लगेच बोंबलत नाही. गुपचूप थोडे जास्त पेट्रोल घालतो आणि ताळेबंद जुळवतो. याला आम्ही सस्पेन्स खाते म्हणतो. ती रक्कम फारच फुगली, म्हणजे कमाल मर्यादेला टेकली, की मग समोरचा पिवळा दिवा लावतो. स्कॅनर जोडला की त्यावर संकेत येतो: पी ०१७१, सिस्टीम टू लीन, बँक वन. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा छातीत धस्स झाले. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग, असे मेकॅनिकने समजावून सांगितले. आमच्या शाखेपर्यंत बातमी गेलेली नाही, हे ऐकून बरे वाटले.

आणि एक नवी भर. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल स्वतःच्या अंगात ऑक्सिजन घेऊन येते, त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते. सेन्सरवाली गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. पण कोपऱ्यात जपून ठेवलेल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ते कोण सांगणार? तिच्या जेटचे भोक जुन्याच हिशेबाचे, त्यामुळे ती आणखी थोडी लीन होते. या इथेनॉलमध्ये उसाचा वाटा मोठा. पश्चिम महाराष्ट्राचा ऊस अखेर विदर्भाच्या टाकीत पोहोचला. अनुशेष भरून काढण्याची ही पद्धत कुठल्या समितीच्या अहवालात नव्हती.

यंत्राची तक्रार मी करीत नाही. ट्रायल बॅलन्स जुळत नाही एवढे ते बिनचूक सांगते. पण कुठले व्हाउचर चुकले ते सांगत नाही. स्कॅनर 'लीन' म्हणतो तेव्हा फाटकी नळी, तुंबलेला फिल्टर आणि कुंभारणीचे घर त्याला सारखेच. दिवा पाहून सेन्सर बदलणारे पुष्कळ भेटतात, दोनतीन हजारांचे बिल होते आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. उभ्याने चालते का, चढावर मरते का, दरवेळी तेवढीच चालते का, हे तीन प्रश्न अजून कुठल्या कॉम्प्युटरने ड्रायव्हरला विचारलेले नाहीत. ते विचारायला माणूस लागतो, आणि उत्तर ऐकल्यावर गुडघे टेकून गाडीखाली वाकायलाही माणूसच लागतो. तसा माणूस सापडला, तर गाडीबरोबर आपणही थोडे लीन व्हायला हरकत नाही.